फोंड्यातलं कुळागर, २५ मीटर जागा आणि चार बँड: कोणता डायपोल?

एका नव्या हॅमचा (हौशी रेडिओ केंद्र चालवणाऱ्याचा) प्रश्न थोडक्यात असा. फोंडा तालुक्यात घर, स्लॅबची उंची साडेसहा मीटर, मागे कुळागर (पोफळी-माडांची बाग), आणि वायर ताणायला सरळ रेषेत फार तर २५ मीटर जागा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स नुकतंच हातात पडलंय, म्हणजे एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) ५० वॉट. एकाच फीडलाइनवर (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर) ४०, २०, १५ आणि १० मीटर लहरलांबीचे चार बँड हवेत. डायपोल म्हणजे दोन बाजूंना ताणलेल्या वायरीची साधी अँटेना. त्यातला फॅन डायपोल, ट्रॅप, ऑफ-सेंटर की जी-फाइव्ह-आरव्ही? शिवाय एक विक्रेता म्हणतो की त्याच्याकडची तयार वायर ट्यूनरशिवाय (रेडिओ आणि अँटेना जुळवणाऱ्या यंत्राशिवाय) सगळ्या बँडवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते त्याचं माप, एक म्हणजे उत्तम) दीडच्या आत ठेवते.

फॅन डायपोल कर. ४० आणि २०च्या दोन जोड्या आधी, १०ची तिसरी जमेल तेव्हा, आणि १५ मीटर ४०च्याच वायरीतून काढून घे. (प्रश्नावरून वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.) डिचोलीत मी गेली तीसेक वर्षं वायरी चढवतोय आणि उतरवतोय. उतरवण्याचेच प्रसंग जास्त आले, आणि माझी निवड त्यातूनच ठरली आहे. आपल्याकडे अँटेना कागदावर कितीही देखणी असली, तरी जून ते सप्टेंबर तिच्यावर काय बेतणार आणि भर पावसात दहा मिनिटांत ती खाली घेता येणार का, हे आधी बघायचं.

विक्रेत्याचं आधी निकालात काढू. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायच्या, सगळी ताकद उष्णतेत घालवणाऱ्या रेझिस्टरचा) एसडब्ल्यूआर प्रत्येक बँडवर एक असतो, पण त्यावरून पुण्याशीही बोलता येत नाही. सगळ्या बँडवर ट्यूनरशिवाय दीडच्या आत राहणाऱ्या वायरीत बहुतेक वेळा कुठेतरी रेझिस्टर बसवलेला असतो. वायरीला जी ताकद पेलत नाही ती तो उष्णतेत घालवतो, आणि मीटर खूश राहतो. ज्यांना पटापट वारंवारता बदलायची असते अशा व्यावसायिक आणि लष्करी केंद्रांना हा सौदा परवडतो. तुझ्या हातात मुळात ५० वॉट आहेत, त्यातले रेझिस्टर तापवायला देऊ नकोस.

आता बाकीचे पर्याय. लुई व्हार्नी यांनी जी-फाइव्ह-आरव्ही १९४६ मध्ये मांडली. तिची लांबी १०२ फूट, म्हणजे सुमारे ३१ मीटर. तुझ्या जागेत ती बसतच नाही. मुळात ती २० मीटरवर तीन अर्धलहरींची वायर म्हणून योजलेली होती. बाकीच्या बँडवर ट्यूनर लागतो हे त्यांनी कधी लपवलं नाही, ते पुढे विकणाऱ्यांनी लपवलं. निम्म्या लांबीची मिळते ती ४० मीटरवर जेमतेम चालते, आणि तुझं रोजचं बोलणं तर ४०वरच होणार.

ऑफ-सेंटर म्हणजे वायर मधोमध न तोडता एक-तृतीयांशावर फीड करायची आणि तिथे चारास एकचा बॅलून (केबल आणि वायर जुळवणारा ट्रान्सफॉर्मर) लावायचा. वीस मीटरच्या वायरीला साधारण पावणेसात मीटर एका बाजूला, बाकी दुसऱ्या बाजूला. ४०, २० आणि १० छान मिळतात, एक जोडी आणि दोन दोऱ्या, म्हणून दिसायला मोह पडतो. पण १५वर वायरीत तीन अर्धलहरी बसतात आणि एक-तृतीयांशाचा बिंदू नेमका दोन अर्धलहरींच्या सांध्यावर येतो. तिथे व्होल्टेज जास्तीत जास्त, करंट जवळजवळ शून्य. कोऍक्सने (टीव्हीच्या केबलसारख्या गोल केबलने) तिथे ताकद घालणं म्हणजे बंद दाराला धक्के मारणं. दुसरं म्हणजे दोन बाजू असमान असल्याने कोऍक्सच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून करंट शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) येतो. लॅपटॉपचा माउस गोठतो, माइकची जाळी ओठाला चावते. चांगला चोक (कोऍक्सच्या बाहेरचा करंट अडवणारा) लावून ते आवरता येतं, पण पहिल्याच अँटेनाला ही डोकेदुखी कशाला?

ट्रॅप डायपोल मी दोन केले. ट्रॅप म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरची समांतर जोडी, जी आपल्या वारंवारतेला पुढच्या वायरीचं दार बंद करते. कल्पना उत्तम. आमच्याकडे मात्र जुलैत ट्रॅपच्या नळीत पाणी शिरलं आणि रेझोनन्स (वायर नेमकी ज्या वारंवारतेला जुळते ती) घसरला. सीलबंद केली तेव्हा आतल्या आत घाम धरला. तळाला छोटं भोक ठेवलं तर पाणी निघून गेलं आणि मुंग्यांनी घर केलं. कोरड्या मुलखात कोणी ट्रॅपची तारीफ केली तर मी वाद घालत नाही.

एक पर्याय मात्र मनापासून आवडतो: मध्यभागी फीड केलेली कितीही लांबीची वायर, खाली उघडी दोन तारांची लाइन, आणि शॅकमध्ये बॅलन्स्ड ट्यूनर. पीव्हीसी पाइपचे तुकडे कापून स्पेसर बनवले की सहाशे ओहमच्या आसपासची लाइन घरीच होते, आणि एसडब्ल्यूआर कितीही असला तरी तिच्यात नुकसान नगण्य. जुन्या टीव्हीची तीनशे ओहमची चपटी रिबन वापरू नकोस. पावसात भिजली की तिचं गणित बदलतं, आणि मिठाचा थर बसला की आणखीच. उघडी लाइन हा त्रास कमी देते. पण ती खिडकीच्या गजांपासून, पन्हळीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवायची, वाऱ्यात पीळ पडू द्यायचा नाही, आणि प्रत्येक बँडला ट्यूनरची बटणं फिरवायची. दोन-तीन वर्षांनी हात बसला की हे कर. तेव्हा तुला फॅनची गरजही वाटणार नाही.

फॅनमध्ये बिघडण्यासारखं काही नाही, हाच त्याचा मोठेपणा. एकाच फीडपॉइंटला दोन-तीन डायपोल समांतर. ज्या बँडवर बोलशील त्या बँडची जोडी सुमारे पन्नास-सत्तर ओहम दाखवते, बाकीच्या जोड्या मोठा इम्पीडन्स (विरोध) दाखवून बाजूला राहतात. वायर तुटली तर कुठली तुटली ते डोळ्याला दिसतं आणि फोंड्याच्या बाजारातल्या वायरीने सांधता येते.

लांबीचं सूत्र पाठ कर: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये, पूर्ण वायरीचं. ७.१ला २०.१ मीटर, म्हणजे बाजूला दहा. १४.१५ला १०.१, बाजूला पाचच्या किंचित वर. २८.५ला पाच मीटर, बाजूला अडीच. हे उघड्या तारेचं झालं. आपण घरगुती वायरिंगची पीव्हीसी आवरणाची वायर वापरतो, ती रेझोनन्सला दोन ते चार टक्के आखूड भरते. तरी कापताना जास्तच काप: ४०ला बाजूला १०.३ मीटर, २०ला ५.३, १०ला २.७. जादा टोक कापायचं नाही, इन्सुलेटरमधून मागे दुमडून त्याच वायरीला घट्ट पिळायचं. कापलेली वायर वाढत नाही, दुमडलेली सोडता येते. बाजूला १० सेंटिमीटर कमी केलेस की ४०वर रेझोनन्स ७० किलोहर्ट्झ वर सरकतो. २०वर बाजूला ५ सेंटिमीटरला १४० किलोहर्ट्झ. आपला ४० मीटर बँड ७.० ते ७.२ एवढाच, तो एका डायपोलमध्ये आरामात मावतो, त्यामुळे ७.१ला नेम धरून सोडून दे. १० मीटर बँड मात्र १.७ मेगाहर्ट्झ रुंद आहे. तो अख्खा मिळणार नाही, २८.४च्या आसपास ठेव.

क्रम महत्त्वाचा. आधी ४०ची जोडी, मग २०ची, मग १०ची. लांब वायर हलवली की आखूड वायरींचे आकडे बदलतात, उलट फारसं होत नाही. आणि मोजायचं ते अँटेना शेवटच्या उंचीवर असताना. अंगणात कमरेइतक्या उंचीवर मोजून वर चढवलेली वायर वर गेल्यावर वेगळंच बोलते, कारण जमिनीची जवळीक रेझोनन्स खाली ओढते. म्हणजे चढव, मोज, उतरव, दुमड, पुन्हा चढव. सात-आठ फेऱ्या होतात. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं हातात मावणारं यंत्र) नसेल तर कोणाकडून तरी उसना आण, त्या एका दिवसासाठीसुद्धा त्याचं मोल आहे.

आता १५ची गंमत. सात त्रिक एकवीस, म्हणून ४०चा डायपोल १५वर आपोआप चालतो असं सगळीकडे सांगतात. अर्धंच खरं आहे ते. अर्धलहरीची वायर हिशोबापेक्षा पाच टक्के आखूड कापावी लागते ती टोकांच्या परिणामामुळे. तिप्पट वारंवारतेवर त्याच वायरीत तीन अर्धलहरी मावतात, पण टोकं दोनच राहतात, म्हणजे ही सूट तीनदा न मिळता एकदाच मिळते. परिणामी ७.१ला जमवलेली वायर २१.३ला न जमता २२ मेगाहर्ट्झच्या आसपास जमते, बँडच्या बाहेर. रिगच्या (रेडिओच्या) आतला ट्यूनर साधारण तीनपर्यंतचा एसडब्ल्यूआर सांभाळतो, तो इथे रडतो. उपाय सोपा: फीडपॉइंटपासून ३.४ मीटरवर, दोन्ही बाजूंना, अर्ध्या मीटरचा वायरीचा तुकडा सोल्डर करून खाली लोंबता ठेव. १५वर तिथे व्होल्टेजचं शिखर असतं, त्यामुळे एवढीशी शेपटीही रेझोनन्स खाली आणते. ४०वर त्याच जागी व्होल्टेज मध्यमच असतं, म्हणून तिथे परिणाम थोडा. शेपटी दोन-दोन सेंटिमीटर कापत २१.२ला आण, मग ४० एकदा पुन्हा तपास. १५वर एसडब्ल्यूआर दोनच्या आसपास राहील, कारण तिथे फीडपॉइंटचा रोध शंभर ओहमच्या घरात असतो. तेवढं ट्यूनर हसत पेलतो. एकच्या मागे लागू नकोस.

१० मीटर ही ४०ची चौथी पट. सम पटीला मध्यभागी करंट नसतो, म्हणून तिथे वेगळी जोडी लागतेच. ती आत्ता करशील तर बरं. सूर्यडागांचं सध्याचं चक्र २०२४च्या सुमारास शिखराला होतं, पुढच्या काही वर्षांत १० मीटर दिवसेंदिवस मंद होत जाईल. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे संध्याकाळी दक्षिण गोलार्धाकडे हा बँड उघडतो तेव्हा पाच मीटरच्या वायरीवर दक्षिण आफ्रिका ऐकू येते.

तुझ्या घरी मी असं बांधलं असतं. स्लॅबवर साडेतीन मीटरचा जीआय पाइप, दोऱ्यांनी तीन बाजूंना ताणलेला, म्हणजे मधला बिंदू जमिनीपासून दहा मीटर. तिथून ४०ची एक बाजू कुळागराकडे, दुसरी समोरच्या झाडाकडे, टोकं पाच मीटरवर. उलट्या व्हीचा कोन १२० अंशांच्या आसपास राहतो आणि आडवी जागा साडेसतरा मीटर लागते. उरलेले साडेसात मीटर दोऱ्यांना. व्हीचा कोन ९० अंशांच्या खाली जाऊ देऊ नकोस. २०ची जोडी त्याच्याशी काटकोनात, स्लॅबच्या दोन कोपऱ्यांकडे. स्पेसर घालून ४०च्या खाली समांतर लोंबवलीस तरी चालते, पण काटकोनात एकमेकांना त्रास कमी आणि जमवणं सोपं. कोपऱ्यात कठड्याला सव्वादोन मीटरचा बांबू उभा करून दोरी त्याला बांध. टोकाला ५० वॉटलाही शेकडो व्होल्ट असतात, आणि स्लॅबवर कोणी सोलं सुकत घालायला गेलं तर हात पोचता कामा नये. १०ची जोडी २०च्या खाली, पंधरा सेंटिमीटरच्या पीव्हीसी स्पेसरवर.

दहा मीटर उंची म्हणजे ४०वर पाव लहर. सिग्नल बराचसा सरळ वर जातो आणि आयनोस्फियरवरून परतून चारशे-पाचशे किलोमीटरच्या परिघात पडतो. लोक याला उणीव समजतात. सकाळी पुणे, मुंबई, बेंगळुरू, कोल्हापूर तुला मिळतील ते यामुळेच. पहाटेच्या सुमाराला आयनोस्फियर पातळ होतो आणि हीच जवळची स्टेशनं गायब होतात. अँटेना बिघडली असं समजून पाइपवर चढू नकोस. २०वर तीच उंची अर्धी लहर होते, सिग्नल तीस अंशांच्या आसपास निघतो. तिथे पुणे ऐकू येत नाही, युरोप आणि जपान येतात. दिशा ४०वर विसरून जा, इतक्या कमी उंचीवर ती जवळजवळ सगळीकडे सारखी असते. २०वर वायरीच्या काटकोनात जोर जातो. गोव्याहून युरोप वायव्येला, जपान ईशान्येला, म्हणजे एकाच सरळ वायरीने दोघांनाही खूश करता येणार नाही. व्हीमध्ये ठेवल्याने टोकांकडचा खड्डा थोडा भरून निघतो, हाही उलट्या व्हीचा एक फायदा. (१९६१पर्यंत इथून बोलणाऱ्याच्या केंद्राच्या नावाला सीआर८ हा पोर्तुगीज उपसर्ग असायचा आणि गोवा डीएक्ससीसीच्या (हॅम ज्यावरून किती देशांशी बोललो ते मोजतात त्या) यादीत स्वतंत्र देश होता. तेव्हाच्या हॅमला उंचीची काळजी करावी लागली नसेल, जगच त्याला शोधत असणार. आपण साधे व्हीयू (हा भारताचा उपसर्ग), आपल्याला शोधावं लागतं.)

आता झाडं. माडाला बांधायचा मोह सगळ्यांना होतो, उंच आणि सरळ म्हणून. माझी पहिली वायर मी दोन माडांमध्ये तंगडून बांधली होती. मिरगाच्या पहिल्याच वाऱ्यात दोन्ही माड विरुद्ध दिशांना डुलले, वायर तुटली, आणि कोऍक्ससकट मधला इन्सुलेटर विहिरीत गेला. रात्री दोनला बॅटरी घेऊन मी विहिरीच्या काठावर. माड वाऱ्यात माथ्याला मीटरभर सहज हलतो. शिवाय चुडत (माडाची झावळ) कधी पडेल सांगता येत नाही, आणि पडलं तर सगळ्या जोड्या एकदम घेऊन येतं. पाडेलीचाही (नारळ पाडणाऱ्याचाही) विचार कर. खोडाला बांधलेली दोरी त्याच्या चढण्याच्या वाटेत येते. मला न विचारता एकाने ती कोयत्याने कापली होती, आणि चूक त्याची नव्हती. फणस किंवा आंबा निवड, खोडाजवळची जाड फांदी. पोफळ विचारातही घेऊ नकोस.

फांदीवर पुली, पुलीवरून दोरी, दोरीच्या खालच्या टोकाला वजन. पाच लिटरचा पाण्याचा कॅन पुरतो. झाड हललं की कॅन वरखाली होतो, वायर तशीच राहते. वायर उतरवायची तर कॅन सोडायचा, एवढंच. दोरी काळी पॉलिएस्टरची घे. मासेमारीचं सामान विकणाऱ्या दुकानात चांगली मिळते आणि तिथेच शिशाची वजनं आणि फांदीवरून फेकायला नायलॉनची दोरीही. सुंभाची दोरी एका पावसाळ्यात कुजते, स्वस्त निळी-पिवळी दोरी दोन उन्हाळ्यांत पिठासारखी होते. वायर दीड चौरस मिलिमीटरची मल्टीस्ट्रँड तांब्याची. मऊ तांबं ताणलं जातं, म्हणून पहिल्या महिन्यानंतर ४० पुन्हा मोज, रेझोनन्स थोडा खाली आलेला असेल.

फेकण्याआधी एक गोष्ट, आणि ही मी रागावून सांगतो: गावात विजेच्या उघड्या तारा झाडांतूनच गेलेल्या असतात. दोरी, वायर किंवा पाइप यातलं काहीही तुटून, सुटून, घसरून त्या तारेपर्यंत पोचू शकत असेल, तर ती जागा बाद. दुसरी शोध, बँड कमी कर, पण तिथे नको.

फीडपॉइंटला चोक हवाच. ३१ किंवा ४३ मिश्रणाची साधारण सहा सेंटिमीटर व्यासाची फेराइट रिंग, तिच्यातून आरजी-५८चे दहा-बारा वेढे. रिंग मिळेपर्यंत ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर कोऍक्सचे दहा-बारा वेढे एका थरात गुंडाळ. सगळ्या बँडवर सारखं काम करत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा खूप बरं. शॅक स्लॅबखाली असेल तर कोऍक्स वीस मीटरच्या आत भागेल. आरजी-५८मध्ये तेवढ्यात २० मीटर बँडवर एक डेसिबल जातो, म्हणजे ५० वॉटांतले ४० वर पोचतात. आरजी-२१३ घेतलीस तर नुकसान निम्मं, पण ती जड आहे, पाइपला बांधून आधार द्यावा लागेल, इन्सुलेटरवर लोंबकळू देऊ नकोस.

फीडपॉइंटचा प्रत्येक सांधा सोल्डर करून त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप आणि तिच्यावर साधी काळी टेप. पाणी कोऍक्सच्या जाळीतून केशाकर्षणाने कित्येक मीटर आत जातं. एक दिवस कनेक्टर उघडलास आणि तांब्याची जाळी काळी दिसली की ती केबल संपली, कापून पुढे चांगली निघेल ही आशा धरू नकोस. खिडकीतून आत घेण्याआधी केबलला खाली झोळ दे, म्हणजे पाणी तिथून गळेल, भिंतीत शिरणार नाही.

विजेचं बोलू. एप्रिल-मेच्या संध्याकाळी पूर्वेकडून मळब येतं तेव्हा ४०वर तडतड आधी वाढते, गडगडाट नंतर. तडतड ऐकलीस की कोऍक्स काढ आणि घराबाहेर टाक, टेबलाखाली ठेवू नकोस. थेट वीज पडली तर कोणतीही अर्थिंग तुझी रिग वाचवणार नाही. तरी साठणारा स्थिर विद्युतभार उतरायला अर्थिंग हवीच. आपल्या चिऱ्यात रॉड ठोकला जात नाही. विहिरीजवळची किंवा कुळागरातली ओली माती शोध, आणि तो रॉड घराच्या विजेच्या अर्थिंगशी जाड तारेने जोड. दोन वेगवेगळ्या अर्थिंग ठेवल्या तर त्यांच्यातल्या फरकाचा धक्का रिगमधून जातो.

तयार झाल्यावर लगेच बोलायला बसू नकोस. घरातला मेन स्विच बंद करून बॅटरीवर रिग चालवून ४० ऐक, मग एकेक सर्किट चालू कर. एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, सौर पॅनेलचा कंट्रोलर यांतलं कोण आवाज करतंय ते त्या अर्ध्या तासात कळेल, आणि त्यातले एक-दोन बदलल्याने अँटेना दोन मीटर उंच केल्याइतका फरक पडतो. शेजाऱ्याचा असेल तर चवथीला त्याच्याकडे गेलास तेव्हा विषय काढ, एरवी नको.